साडेचोवीस ते पावणेपाच

आमच्या घरची प्रकाशन संस्था सदाशिव पेठेत आहे. आजोबांनी सुरू केली, पुढे ती प्रायव्हेट लिमिटेड झाली आणि शेअर तीन घरांत गेले: काका, आमचं घर आणि नाशिकची आत्या. आत्या गेल्यावर तिचे शेअर आतेभावाच्या नावावर झाले. २०२४ च्या उन्हाळ्यात २०२३-२४ चे हिशोब त्याच्याकडे पोचले आणि त्याने मला फोन केला. तो बँकेतून निवृत्त झालेला, ताळेबंद वाचता येणारा माणूस.

"भांडायला फोन केला नाहीये," तो म्हणाला. "फक्त एवढंच सांग, आपला जो पैसा त्यात अडकलाय त्याला वर्षाला किती टक्के पडतात?"

मी त्याला दोन दिवसांत सांगते म्हटलं. सांगायला चार महिने लागले.

मी त्याआधी अकरा वर्षं चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कॉस्टिंगला, म्हणजे उत्पादनाचा खर्च काढणाऱ्या विभागात होते. तिथे भांडवलावरचा परतावा दर महिन्याला निघायचा आणि तो खाली आला की कुणाला तरी उत्तर द्यावं लागायचं. काकांच्या मदतीला येऊन मला दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत हा आकडा मी एकदाही काढला नव्हता. काकांना तर तो काढावासा कधी वाटलाच नसेल. त्यांच्या दृष्टीने वर्ष चांगलं गेलं म्हणजे कागदवाल्याचं बिल थकलं नाही आणि दोन नवी पुस्तकं मनासारखी झाली.

सूत्र साधं आहे. व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा वर, आणि धंद्यात गुंतलेलं भांडवल खाली. गुंतलेलं भांडवल म्हणजे एकूण मालमत्तेतून चालू देणी वजा केल्यावर उरतं ते. व्याजाआधीचा नफा अशासाठी की पैसा आपला असो की बँकेचा, धंद्याने त्यावर काय कमावलं ते आधी बघायचं.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून आकडे घेतले. निव्वळ विक्री १८० लाख, व्याज-कराआधीचा नफा २७ लाख. मालमत्तेत इमारत आणि इतर स्थावर-जंगम मिळून ९ लाख, पुस्तकांचा साठा ६२, विक्रेत्यांकडून येणं ५८, लेखकांना दिलेल्या उचली ४, बँकेत १७. बेरीज १५०. देण्यांत कागदवाले, छापखाना आणि बाइंडर यांचे २०, लेखकांचं मानधन १४, पूर्वनोंदणीचे आलेले ६, एकूण ४०. म्हणजे भांडवल ११० लाख आणि परतावा साडेचोवीस टक्के.

माझा विश्वासच बसेना. चाकणच्या कारखान्याचाही आकडा याच्याच आसपास असायचा आणि तिथे त्यासाठी माणसं रात्रपाळ्या करायची. हा टक्का दोन गोष्टींचा गुणाकार असतो: विक्रीत नफा किती, आणि भांडवल वर्षात किती वेळा फिरतं. अमेरिकेतल्या द्यूपाँ कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी शंभर वर्षांपूर्वी ही फोड करून दाखवली, ती आजही त्या कंपनीच्या नावाने ओळखली जाते. कारखान्यात विक्रीवर सहा टक्के सुटायचे, पण पैसा वर्षात चार वेळा फिरायचा. आमच्याकडे विक्रीवर पंधरा टक्के सुटत होते आणि पैसा जेमतेम १.६४ वेळा फिरत होता. आणि एवढा फिरतो हेही मला खरं वाटेना, कारण गोदामात मी रोज जात होते. तिथल्या मागच्या रांगांतले गठ्ठे मी आल्यापासून कुणी हलवलेले पाहिले नव्हते.

नाशिकला फोन करून साडेचोवीस सांगितले असते तर आतेभाऊ खूश झाला असता. मी तो फोन केला नाही.

सुरुवात तारखेपासून केली. ताळेबंद ३१ मार्चचा असतो आणि आमच्या धंद्यात वर्षातला सगळ्यात हलका दिवस तोच. सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानाचा हिशोब मार्चअखेर द्यायचा असतो, त्यामुळे त्यांची खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. त्या वर्षी अमळनेरचं साहित्य संमेलनही फेब्रुवारीतच होतं, तिथल्या गाळ्यावरची रोख विक्री आली होती. त्या पैशातून बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं खेळतं कर्ज, भरलं जातं, साठाही तळाशी येतो. उलट ऑक्टोबरमध्ये बघितलं तर कागद घेतलेला, दिवाळीआधीची पुस्तकं छापून आलेली, कॅश क्रेडिट ओढलेलं. शालेय पुस्तकं आणि गाइडं काढणाऱ्यांचं चित्र याहून वेगळं. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून ३१ मार्चला त्यांची गोदामं भरलेली असतात. कुठल्याही प्रकाशकाचा ताळेबंद बघताना आधी त्याचा हंगाम कोणता ते विचारावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. मी बारा महिन्यांच्या अखेरच्या भांडवलाची सरासरी काढली. ती १२३ लाख आली. परतावा २२ टक्क्यांवर आला.

नंतर येणी उघडली, आणि तिथे जवळजवळ पाच आठवडे गेले.

पुस्तकाच्या धंद्यात विक्रेत्याला माल बराचसा जांगडावर जातो. विकला गेला तर पैसे, नाही तर पुस्तकं परत. आप्पा बळवंत चौकातल्या दुकानापासून लातूर-नांदेडच्या वितरकापर्यंत पद्धत हीच. आमच्याकडे मात्र पार्सल निघालं की बिल फाटायचं आणि टॅलीत विक्री दिसायची. परत आलेले गठ्ठे आले त्या दिवशी वजा व्हायचे. यात लबाडी नव्हती. आजोबांच्या काळात परती फार कमी असायची, तेव्हा ही रीत चालून जायची, आणि तीच पुढे चालत आली. हिशोब कसे मांडायचे याचे जे ठरलेले नियम असतात, त्यांतल्या लेखा मानक ९ मध्ये हे स्पष्ट आहे की जांगडावर दिलेला माल समोरच्याने पुढे विकेपर्यंत ती आपली विक्री नव्हे. आमच्या ऑडिटरांनीही हे पूर्वी एकदोनदा सुचवलं होतं म्हणे. पण कुठल्या दुकानात किती प्रती शिल्लक आहेत हे कळणार कसं, या प्रश्नापाशी ते थांबायचं.

मी कळवून घ्यायचं ठरवलं. ४३ विक्रेत्यांना फोन केले. काहींनी यादी व्हॉट्सॲपवर पाठवली, काहींनी कपाटाचा फोटो पाठवला, आठ-दहा जणांकडे मी स्वतः गेले. विदर्भातल्या एका विक्रेत्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "ताई, तुमची पुस्तकं तुम्हीच मोजा, मी नेहमीच्या मोजणीत ती धरतच नाही. ती माझी नाहीतच." त्या वाक्याने मला सगळं कळलं. आमच्या वहीत ती त्याची होती, त्याच्या वहीत ती आमची. म्हणजे सहा वर्षांपूर्वी छापलेली पुस्तकं दोघांच्याही हिशोबातून निसटून त्याच्या मागच्या खोलीत धूळ खात होती.

५८ लाख येण्यांपैकी २२ लाख असे निघाले. ती येणी नव्हतीच, दुसऱ्याच्या दुकानात ठेवलेला आमचा साठा होता आणि आम्हाला तो पडला होता ८ लाखांना. आदल्या वर्षी हाच आकडा १५ लाखांच्या घरात असावा, म्हणजे फरकावरचा साडेचार लाखांचा नफा आम्ही न कमावताच मांडला होता. नफा साडेबावीसवर आला. पण भांडवलही १४ लाखांनी उतरून १०९ झालं, कारण येण्यांत विक्रीची किंमत धरलेली होती आणि साठ्यात छपाईची धरायची असते. परतावा २०.६ टक्के. इतकं खणून टक्का दीडानेच हलला. पण त्या दीड टक्क्यापेक्षा ती यादी मोलाची होती. कोणतं पुस्तक कोणत्या गावात खपतं हे आम्हाला पहिल्यांदा कळलं.

मग गोदाम. इथे माझ्या मदतीला नाना होते. ते चाळीस वर्षं आमच्याकडे आहेत, त्यांना वही लागत नाही. मी शीर्षक वाचायची, ते रांग आणि थर सांगायचे. एकदा मी मुद्दाम एका संशोधनग्रंथाच्या प्रती मोजल्या. ते म्हणाले होते आठशे चाळीस, निघाल्या आठशे एकेचाळीस. गेल्या पाच वर्षांत ज्यांच्या वर्षाला दहा प्रतीही गेल्या नाहीत अशी पुस्तकं मी बाजूला लिहीत गेले. साधारण चाळीस हजार प्रती, छपाईच्या किमतीने २५ लाख ४० हजारांच्या. वजन दहा टनांच्या आसपास. रद्दीला तेव्हा किलोला १४ रुपये मिळत होते, म्हणजे त्यांचे येणार १ लाख ४० हजार.

लेखा मानक २ म्हणतं की साठ्याची किंमत लावताना पडलेला खर्च आणि विकून प्रत्यक्ष हाती येऊ शकेल ती रक्कम, यांपैकी कमी असेल ती धरा. त्या नियमाने २४ लाख उतरवायला हवे होते. मी एक्सेलमध्ये ते भांडवलातून उतरवले आणि परतावा २६.५ टक्के झाला.

त्या रात्री मी बराच वेळ त्या चौकटीकडे बघत बसले होते. जी पुस्तकं विकली गेली नाहीत, ज्यांत पैसा बुडाला, ती पुसून टाकल्याबरोबर आमची संस्था आधीपेक्षा कर्तबगार दिसायला लागली होती. जितक्या चुका जास्त पुसाल तितका टक्का चांगला. कारखान्यात मी यंत्रं भंगारात काढल्यावर असंच होताना पाहिलं होतं, पण तिथे त्याचं काही वाटलं नव्हतं. इथे प्रत्येक गठ्ठ्यावर कुणाचं तरी नाव होतं.

मी ठरवलं की ताळेबंदात रक्कम नियमाप्रमाणे उतरवायची, पण परतावा मोजताना भांडवलातून ती काढायची नाही. पैसा खरंच घातला होता, तो खाली दिसलाच पाहिजे. आणि हे ढीग सुमारे बारा वर्षांत साचलेले, म्हणजे वर्षाला दोन लाख हा पुस्तकं काढण्याचा नेहमीचा खर्चच आहे, तर तो नफ्यातून वजा करायचा. साडेवीस लाख भागिले १०९. परतावा १८.८ टक्के.

यापुढचं काकांना विचारल्याशिवाय करता येण्यासारखं नव्हतं. संचालक म्हणून ते महिना २५ हजार घेतात. संपादन, लेखकांशी बोलणी, छापखान्याच्या चकरा, सगळं त्यांच्याकडे. काकू मुद्रितं तपासतात आणि काहीच घेत नाहीत. मी विचारलं, "काका, उद्या तुम्ही दोघं थांबलात तर ही कामं करायला माणसं ठेवायला किती लागतील?" ते म्हणाले, "अगं, आम्ही थांबलो तर माणसं कशाला ठेवाल?" मग थोड्या वेळाने त्यांनीच हिशोब सांगितला: चांगला संपादक-व्यवस्थापक साठ हजारांखाली येणार नाही, मुद्रितशोधनाला वीस तरी द्यावे लागतील. वर्षाला ६ लाख ६० हजार जास्त. काकू स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्यांनी बाहेर येऊन मला एवढंच विचारलं, "वीस हजार देतात प्रुफं वाचायला?" तो आकडा मी लगेच मांडू शकले नाही. नफा १३ लाख ९० हजार, परतावा १२.८ टक्के.

आणि इमारत. तळमजल्यावर गोदाम, वर कार्यालय. आजोबांनी घेतलेली, घसारा वजा जाता हिशोबाच्या पुस्तकात २ लाख ४० हजारांची. सदाशिव पेठेत आज त्या पैशात दुचाकी लावण्याएवढीही जागा मिळत नाही. बाजारभाव भांडवलात धरावा तर सगळा हिशोब त्या एका आकड्याखाली दबून जातो, आणि तो आकडाही अंदाजाचाच. म्हणून मी भाड्याची वाट धरली. हीच जागा भाड्याने घ्यायची झाली असती तर महिना सत्तर हजार पडले असते, शेजारच्या दोन जागांवरून हे पक्कं करून घेतलं. वर्षाचे ८ लाख ४० हजार नफ्यातून गेले, इमारत भांडवलातून काढली. राहिले साडेपाच लाख, भांडवल १०६ लाख ६० हजार. परतावा ५.२ टक्के. त्या वर्षी बँकेच्या मुदतठेवीला सात टक्क्यांच्या आसपास मिळत होते.

इथे मला थांबता आलं असतं, पण देण्यांचा रकाना मनात राहिला होता. लेखकांचं मानधन १४ लाख. सूत्रात चालू देणी वजा होतात, कारण तो पैसा दुसऱ्याचा आणि बिनव्याजी असतो. कागदवाल्याचे दोन महिन्यांचे उधार वजा करायला माझी हरकत नाही, त्याने भाव लावतानाच ते धरलेलं असतं. पण या १४ पैकी ९ लाख वर्षाहून जुने होते. काही लेखक वारलेले, काहींचे पत्ते बदललेले, काहींनी मागितलेच नव्हते. म्हणजे आम्ही लेखकांचे पैसे जितके उशिरा देऊ तितकं आमचं भांडवल कमी दिसणार आणि परतावा जास्त. हे मला सहन झालं नाही. ते ९ लाख मी भांडवलात मिळवले. ११५ लाख ६० हजारांवर साडेपाच लाख, म्हणजे पावणेपाच टक्के.

चार महिन्यांनी नाशिकला जाऊन मी आतेभावासमोर कागद ठेवला. वरच्या ओळीत २४.५, खालच्या ओळीत ४.७५, मधली प्रत्येक पायरी कारणासकट. काकाही आले होते. आतेभाऊ सगळं वाचून म्हणाला, "यात खोटं कोणतं?" मी म्हटलं, "कोणतंच नाही. पण वरचा आकडा काका-काकूंच्या फुकटच्या कामाचा, आजोबांच्या जागेचा आणि लेखकांच्या थकलेल्या पैशांचा आहे. पुस्तकांनी जे कमावलं ते खाली आहे."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग पुस्तकं कमी करू या का? दहाच काढू वर्षाला."

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि त्याचंही उत्तर शोधून ठेवलं होतं. करोनानंतरच्या २०२१-२२ मध्ये आम्ही तीनच नवी पुस्तकं काढली होती. त्या वर्षाचा परतावा याच पद्धतीने काढला तर गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात चांगला येतो. जुनी पुस्तकं विकत राहिली आणि नव्यांत पैसा गेलाच नाही. कारण असं की नव्या पुस्तकाची अक्षरजुळणी, संपादन, मुखपृष्ठ हा सगळा खर्च आपण त्याच वर्षी खर्ची टाकतो. पुस्तक पंचवीस वर्षं चाललं तरी ताळेबंदात त्याच्या हक्कांची किंमत शून्य. आमच्याकडे छापात असलेली २१२ पुस्तकं आहेत आणि त्यांतली १४ निम्म्याहून जास्त ढोबळ नफा देतात. त्यांत एक पाककृतींचं आहे, १९७८ पासून सतत छापलं जाणारं. त्याची दोन हजारांची आवृत्ती चौदा महिन्यांत संपते. प्रतीला ४८ रुपये छपाईत जातात. २०० रुपये किमतीतून वितरकाचं ४० टक्के कमिशन, लेखिकेचं मानधन आणि वाहतूक वजा जाता ९३ परत येतात. हे पुस्तक ताळेबंदात कुठेही नाही. पण काकांच्या वडिलांनी १९७८ मध्ये त्यात पैसा घातला नसता तर मी आज पावणेपाचसुद्धा मांडू शकले नसते. नवी पुस्तकं थांबवली तर पाच वर्षं टक्का चढत जाईल, आणि सहाव्या वर्षी चढवायला काही उरणार नाही.

म्हणून मी संख्या कमी करायला नको म्हटलं. मला बदलायची होती ती आवृत्ती.

एका कादंबरीचा कागद मी सोबत नेला होता. १९२ पानं, डेमी हा पुस्तकांचा नेहमीचा आकार, म्हणजे सोळा-सोळा पानांचे बारा जुडगे, ज्यांना फॉर्म म्हणतात. २३ बाय ३६ इंची एका कागदातून बत्तीस पानं निघतात, म्हणजे प्रतीला सहा कागद आणि हजार प्रतींना पाचशे कागदांची बारा रीम. ७० जीएसएमचं (चौरस मीटरला ७० ग्रॅम) रीम १८.७ किलोचं, नासधूस धरून २४० किलो. किलोला ९५ रुपये आणि त्यावर तेव्हाचा १२ टक्के जीएसटी. पुस्तकावर जीएसटी नाही हे वाचकाच्या दृष्टीने चांगलंच, पण त्यामुळे कागदावर आणि छपाईवर भरलेला कर आम्हाला वळता मिळत नाही, तो खर्चातच बसतो. कागद, छपाई, मुखपृष्ठाचं लॅमिनेशन, बांधणी मिळून ६२ हजार, त्याआधीची अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि चित्रकाराचं मानधन २० हजार. एकूण ८२ हजार, प्रत ८२ रुपयांना पडली. किंमत २५०. वितरकाला ४० टक्के गेल्यावर १५०, दहा टक्के मानधन २५, वाहतुकीचे ८, हाती ११७. म्हणजे घातलेला पैसा परत यायला ७०० प्रती जायला हव्या. पहिल्या वर्षी ३१० गेल्या, मग १५०, ९०, ७०, ६०, ५०. पैसा सहाव्या वर्षी मोकळा झाला.

पाचशेच छापल्या असत्या तर खर्च ५८ हजार, प्रत ११६ रुपयांना. काकांचं बोट नेमकं त्या आकड्यावर गेलं. "११६ ला पाडून ११७ ला विकायचं?" हीच भीती प्रत्येक प्रकाशकाला हजारावर ढकलते. प्रत स्वस्त पडते म्हणून जास्त छापायच्या, आणि जास्तीच्या पाचशे गोदामात त्याच स्वस्त भावाने पडून राहायच्या. मी किंमत २५० ऐवजी ३०० करून दाखवली. हाती १४२ येतात, ४०९ प्रतींत पैसा सुटतो, म्हणजे दुसऱ्याच वर्षी. पाचशे संपल्या की १३ हजार उरतात आणि मागणी असेल तर दुसरी आवृत्ती काढायला अक्षरजुळणीचा खर्च पुन्हा नाही. हजार प्रती छापून सहा वर्षांनी आमच्या हाती साडेतीन हजारही नफा नव्हता.

"पन्नास रुपये वाढवले तर खपेल?" काकांनी विचारलं. ते मला सांगता येत नव्हतं आणि मी तसं म्हटलं. त्यांनी मग स्वतःच सहा शीर्षकं निवडली, ज्यांवर हे करून बघायचं. निवडताना ते माझ्या कागदाकडे बघत नव्हते. या लेखकाचा वाचक दुकानात जाऊन घेतो, याचा ग्रंथालयात वाचतो, हिचा मुलांच्या शिक्षकांमार्फत येतो, असं बोलत बोलत निवडत होते. माझ्या कुठल्याच रकान्यात ही माहिती नव्हती.

आतेभावाने शेअर काढून घेतले नाहीत. त्याने दोन मागण्या केल्या. जांगडाचा माल वेगळ्या वहीत राहावा आणि दर तिमाहीला मोजावा, ही एक. दुसरी त्याने काकांकडे बघून केली: काकूंना मुद्रितशोधनाचे पैसे सुरू करा, नफा कमी दिसला तर दिसू दे.

गोदामातले दहा टन लगेच रद्दीत गेले नाहीत. काकांनी प्रत्येक शीर्षकाच्या पन्नास प्रती ठेवायला लावल्या, लेखकांना पत्रं लिहून हव्या तितक्या प्रती फुकट देऊ केल्या, गावोगावच्या ग्रंथालयांना गठ्ठे पाठवले. पाठवण्याचा खर्च मी वेगळ्या खात्यात टाकला. उरलेल्या रद्दीचा टेंपो निघाला त्या दिवशी नाना सुट्टीवर होते.

थकलेल्या मानधनाची यादी ३१ जणांची होती. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे यातल्या बहुतेक रकमा कुणा ना कुणाच्या हक्काच्या होत्या. जुन्या करारांवरचे पत्ते, दिवाळी अंकांतले परिचय, ओळखीचे लोक, अशा वाटांनी वारस शोधले. हिशोबाचा कागद आणि काकांच्या अक्षरातलं पत्र, असं पाकीट प्रत्येकाला गेलं. बावीस जण सापडले.

त्यांतल्या एका लेखकाच्या मुलीचा फोन मी घेतला. रक्कम होती २,३४० रुपये, अकरा वर्षांची. तिने रकमेबद्दल काही विचारलं नाही. कागदावरच्या प्रतींच्या रकान्याबद्दल विचारलं. "या शेवटच्या वर्षी नऊ असं लिहिलंय, म्हणजे नऊ जणांनी बाबांचं पुस्तक विकत घेतलं?" मी हो म्हटलं. कुठल्या गावांतून, असं तिने विचारलं. आता आमच्याकडे विक्रेत्यांची यादी होती, म्हणून मला सांगता आलं: चार पुण्यात, तीन कोल्हापूरला, एक अकोल्याला, आणि एक अमळनेरच्या गाळ्यावर.